धागा: चौकातली छेडखानी, नागपूरची बदललेली नजर आणि तक्रारीपर्यंतचा रस्ता

झिरोमाईल (धागाकर्ती)

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या शहरात एक फरक स्पष्ट दिसतो. व्हरायटी चौक, मोरभवनचा बसथांबा, फुटाळ्याची पाळ, लॉ कॉलेज चौक, इथे शिट्टी, गाडीने कट मारणं, मुलगी जवळून गेली की मुद्दाम गाणं म्हणणं, हे सगळं पूर्वी "पोट्टेच ते, वयच आहे" म्हणून सोडून दिलं जायचं. आता घरातली आजीसुद्धा विचारते, "गाडीचा नंबर पाहिला का व?" कॉलेजातली मुलं आपल्याच मित्राला टोकतात. मुली रस्ता बदलण्याऐवजी थांबून मागे वळतात. हा बदल खरा आहे आणि त्याचा आनंदही आहे.

पण गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. नंबर पाहिला, राग आला, बाजूचे लोकही धावले, मग? कुठे फोन करायचा, काय सांगायचं, तक्रारीत काय लिहायचं, ठाण्यातून परत पाठवलं तर काय? आणि दुसऱ्या बाजूला ज्या मुलांना खरंच कुणाशी नीट बोलायचं आहे, त्यांना कुणी काही शिकवतं का? या विषयात काम करणारे इथे बरेच जण आहेत. स्वतःच्या हकिकती नकोत, त्या धाग्यांची आपल्याकडे कमी नाही. इथे फक्त उपयोगी पडेल असं लिहा.

---

कलमवाली

कायद्यापासून सुरू करते, कारण ठाण्यात बोलताना कलम माहीत असलं की समोरच्याचा सूर बदलतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या घटनेला जुनी दंडसंहिताच लागते, हे विसरू नका.

शब्द, आवाज, हावभाव यांनी स्त्रीच्या मर्यादेचा अपमान करणं: कलम ७९, तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. हेतुपुरस्सर मारलेली शिट्टी, अंगविक्षेप, बोटांच्या खुणा यात बसतात. उघड लैंगिक आशयाचा शेरा असेल तर कलम ७५, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नको असताना लैंगिक हेतूने केलेली अंगलट, शरीरसुखाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील व्हिडिओ दाखवणं हेही ७५ मध्येच येतं, पण तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. विनयभंगाच्या हेतूने अंगावर हात टाकणं, ओढणं, दाबणं: कलम ७४, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच, आणि गुन्हा अजामीनपात्र. पाठलाग: कलम ७८, पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत; पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ७४ ते ७९ ही सगळी कलमं दखलपात्र आहेत. म्हणजे एफआयआर व्हायला हवा. प्रत्यक्षात काय होतं? "एनसी घेतो, समज देऊन सोडतो" असं सांगितलं जातं. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. त्यावर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. कागद हातात पडतो, पण त्यापुढे काही हलत नाही. म्हणून कागद घेताना वर काय लिहिलंय ते वाचा. एफआयआर असेल तर गुन्हा क्रमांक, वर्ष आणि कलमं असतात, आणि त्याची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे.

---

आपलीबसप्रवासी

बसमधला भाग मी सांगतो, कारण तो फार थोड्या लोकांना माहीत आहे.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात छेडछाडीबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. बसथांबे, रेल्वे स्थानकं, थिएटर, मॉल अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस ठेवा, मोक्याच्या जागी कॅमेरे लावा, सूचनाफलक लावा, महिला हेल्पलाइन सुरू करा. त्यातलाच एक निर्देश असा: सार्वजनिक वाहनात प्रवाशाकडून किंवा वाहनाच्या कर्मचाऱ्याकडून छेडछाड झाली आणि पीडित व्यक्तीने तक्रार केली, तर चालक-वाहकाने ते वाहन जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायचं. नाही नेलं तर परवाना रद्द होऊ शकतो.

तेव्हा आपली बसमध्ये (शहर बससेवेत) किंवा एसटीत काही झालं तर वाहकाला नुसतं "दादा, बघा ना हा काय करून राहिला" म्हणून थांबू नका. असं म्हणा: "गाडी जवळच्या ठाण्यात घ्या, तक्रार करायची आहे." सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. अपराधी पुढच्या थांब्यावर उतरून पळतो, हीच इथली नेहमीची अडचण. म्हणून शेजारच्या दोघांना आधी दार अडवायला सांगा, मग वाहकाकडे वळा. तिकीट फेकू नका. त्यावर वेळ असते, मार्ग असतो, आणि ते नंतर पुरावा म्हणून कामी येतं.

रेल्वेत १३९ ला फोन करा. मेट्रोत डब्यातल्या आपत्कालीन बटणावरून थेट चालकाशी बोलता येतं. डब्याचा क्रमांक आणि पुढचं स्टेशन सांगा, म्हणजे सुरक्षारक्षक फलाटावर तयार राहतात.

---

महालची_मुक्ता

आणि रस्त्यावर? ११२ ला फोन लागला की पहिल्यांदा काय सांगायचं? घाबरल्यावर तोंडातून शब्दच निघत नाही.

---

कंट्रोलरूम_निवृत्त

मुक्ता ताई, क्रम पाठ करून ठेवा: जागा, काय चाललंय, किती जण, गाडी, मग नाव. जागा आधी, कारण फोन मध्येच कटला तरी गाडी निघालेली असते.

"वर्धा रोडवर आहे" एवढ्याने काही होत नाही. तो रस्ता खापरीपर्यंत जातो. मेट्रोच्या खांबांवर क्रमांक असतात, तो सांगा. खांब नसेल तर दुकानाची पाटी, पेट्रोल पंप, शाळेचं नाव. कोणत्या दिशेला निघाले तेही: "सीताबर्डीकडून मुंजे चौकाकडे".

गाडीचा पूर्ण नंबर लक्षात राहत नाही, हे आम्हालाही माहीत असतं. शेवटचे चार आकडे आणि सुरुवात पकडा. शहराच्या पश्चिम भागाची नोंदणी एमएच ३१, पूर्व भागाची एमएच ४९, ग्रामीणची एमएच ४०. यातलं एक आणि शेवटचे चार आकडे मिळाले, सोबत रंग आणि गाडीचा प्रकार सांगितला, तर शोध फार सोपा होतो. मडगार्डवरचं स्टिकर, फाटकी सीट, फटाके फोडणारा सायलेन्सर, हे सगळं नंबराइतकंच मोलाचं.

महिलांसाठी पोलिसांची १०९१ आणि शासनाची १८१ आहे, मुलांसाठी १०९८. पण या क्षणी धोका असेल तर ११२ च. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की आपत्कालीन फोन लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे का आणि नंबर ११२ च आहे का, हे आज रात्रीच बघून घ्या.

---

कलमवाली

आता तक्रारीच्या कागदाकडे येते. बहुतेक प्रकरणं इथेच पातळ होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे काही निकाल बघितले की का ते लगेच कळतं.

जानेवारी २०२४. वर्धा जिल्ह्यातलं प्रकरण. आरोपी मुलीच्या मागे लागायचा, शिवीगाळ करायचा, आणि एकदा बाजारात सायकलवरून येऊन त्याने तिला धक्का दिला. खालच्या न्यायालयांनी विनयभंगाची शिक्षा दिली होती. खंडपीठाने ती रद्द केली. हे वागणं त्रासदायक आहे, पण धक्का शरीराच्या कुठल्या भागाला लागला, त्यात लज्जास्पद काय घडलं हे कुठेच आलेलं नाही, असं कारण दिलं.

डिसेंबर २०२४. अकोल्याचं प्रकरण. एकदाच केलेला पाठलाग म्हणजे त्या कलमातला पाठलाग नव्हे, तो वारंवार झाल्याचं सिद्ध व्हायला हवं, असं खंडपीठाने म्हटलं.

२०२५. आपल्याच जिल्ह्यातली २०१५ ची घटना. सतरा वर्षांच्या मुलीला रस्त्यात अडवून हात धरला आणि "आय लव्ह यू" म्हटलं. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती. खंडपीठाने आरोपीला सोडलं. नुसते ते शब्द म्हणजे भावना व्यक्त करणं आहे, लैंगिक हेतू दिसायला आणखी काहीतरी लागतं, असं निकालात आहे.

उलट बाजूही बघा. २०२१ मध्ये याच खंडपीठाने अकोल्याच्या एका दुकानदाराची शिक्षा कमी केली, पण त्याला विनयभंगासाठी दोषी ठरवणं कायम ठेवलं. भांडी घासत बसलेल्या विवाहितेला त्याने प्रेमाची चिठ्ठी देऊ केली, तिने नाकारली, तर ती तिच्या अंगावर टाकून तो निघून गेला; शिवाय खाणाखुणा आणि धमकी. त्या बाईने काय झालं ते क्रमाने, एकेक कृती सांगितली होती.

निकाल पटोत न पटोत (वर्ध्याचा निकाल मला अजिबात पटलेला नाही), धडा सरळ आहे. ठाणे अंमलदार घाईने "इसमाने अश्लील चाळे करून विनयभंग केला" असं एका ओळीत लिहितात. ती ओळ कोर्टात उभी राहत नाही. तुमचा जबाब असा हवा:

"दि. १२ रोजी सायंकाळी अंदाजे ६.४० वा. मी मेडिकल चौकातील बसथांब्यावर उभी होते. काळ्या रंगाच्या मोटारसायकलवर दोन मुले आली. मागे बसलेल्याने, अंगात लाल टी-शर्ट, माझ्याकडे पाहून '…' असे शब्द उच्चारले. मी 'गाडी पुढे घे' असे म्हटले. त्यावर त्याने उजव्या हाताने माझ्या डाव्या खांद्याला व नंतर छातीला स्पर्श केला. हाच मुलगा दि. ५ व दि. ९ रोजी याच वेळी माझ्या मागे बसपर्यंत आला होता. दि. ९ रोजी मी त्याला 'माझ्या मागे येऊ नकोस' असे स्पष्ट सांगितले होते. हे थांब्यासमोरील फळविक्रेत्याने पाहिले आहे."

टिंबांच्या जागी त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, कितीही घाण असले तरी. लिहायला लाज वाटते म्हणून "अर्वाच्य" असं लिहिलं की लैंगिक आशय सिद्ध करायला काही उरत नाही. अवयवाचं नाव स्पष्ट. तारखा एकेक. तुम्ही नकार दिला होता तो कधी आणि कोणत्या शब्दांत, कारण ७८ मध्ये स्पष्ट नाराजी दाखवूनही केलेला प्रयत्न मोजला जातो. सही करण्याआधी पूर्ण वाचा, आणि "साहेब, हे वाक्य राहिलं" म्हणून दुरुस्ती करून घ्यायला संकोच करू नका.

---

रामदासपेठ_ग्रंथालय

+१. त्या "स्किन टू स्किन" निकालाचंही लिहा. तोही इथलाच.

---

कलमवाली

हो. २०१६ ची नागपूरची घटना, बारा वर्षांची मुलगी. जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोतल्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातल्या) लैंगिक हल्ल्यात बसत नाही असं म्हटलं आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: हेतू बघायचा, त्वचेला त्वचा लागली का ते नव्हे. तेव्हा कुणी ठाण्यात "कपड्यावरूनच ना?" असं विचारलं तर हे ठामपणे सांगा.

पीडित अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो लावण्याचा आग्रह धरा. त्यात मुलीला ठाण्यात बोलवायचंच नसतं. जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. शिक्षक, शिकवणीवाले, व्हॅनवाले काका, कुणालाही कळलं तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

---

मानेवाडा_रिंगरोड

आणि ठाण्यातून "हद्द आमची नाही" म्हणाले तर? सक्करदरा आणि नंदनवनच्या सीमेवर हे हमखास ऐकायला मिळतं.

---

कंट्रोलरूम_निवृत्त

झिरो एफआयआर. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्याने नोंदवून पुढे पाठवायचा असतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लोक सही करायला जात नाहीत आणि मग म्हणतात काही झालंच नाही.

बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. हजर नसेल तर बोलावून घ्यायची, "उद्या या" चालत नाही. आणि बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. ती राहते तिथे पोलिसांनी जायचं.

नकार दिला तर तोंडी भांडत बसू नका. तीच तक्रार लेखी करून स्पीड पोस्टाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा, पावती जपा. तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. ती पावती नसली तर अर्ज तिथेच अडतो. ७४ आणि ७९ सारख्या गुन्ह्यांची नोंद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे शांतपणे बोलून दाखवलं तरी पुष्कळदा पेन हातात घेतलं जातं. तपासाचं काय झालं हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं, तेही विचारा.

---

डीव्हीआरवाला

फुटेजबद्दल. चौकातले सरकारी कॅमेरे पोलीस बघतील, पण थांब्यासमोरच्या दुकानातला कॅमेरा चेहऱ्याच्या जास्त जवळ असतो. दुकानातल्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. चार कॅमेरे आणि लहान डिस्क असेल तर आठवडाभरातच. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानदाराला भेटा आणि तारीख, वेळ सांगून तेवढा भाग वेगळा काढून ठेवायला सांगा.

इथे तीन चुका होतात. पहिली, डीव्हीआरचं घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतं. पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एका फोटोत घ्या. दुसरी, पडद्याचा मोबाइलने व्हिडिओ काढून तोच पुरावा समजणं. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल घ्या. तिसरी, ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं. व्हॉट्सअ‍ॅप फाइल दाबून लहान करतं, चेहरा आणि नंबरप्लेट पुसट होते, शिवाय मूळ फाइलशी तिचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) जुळत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात हॅश लिहायचा असतो. तुमच्या फोनमधल्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू आहे: मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कापू नका, त्यावर बाण-वर्तुळं काढू नका.

---

खर्रामुक्त

पानठेल्यांवर बोला कुणीतरी. सगळे अड्डे तिथेच असतात.

---

वस्तीसमिती

आमच्या प्रभागातल्या महिला मंडळांसोबत हाच विषय करतो, म्हणून नेमकं लिहितो.

ठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण छेडखानी करत नाही. बोलणारा एखादा असतो, हसणारे चार. त्या एकाचं बोलणं मुलीसाठी नसतंच, त्या चौघांसाठी असतं. हसू थांबलं की पुढच्या वेळी तो तोंड उघडताना विचार करतो. म्हणून आधी ठेलेवाल्याशी बोला, तेही दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दोघी-तिघी मिळून. "तुमचा धंदा बंद करायचा नाही, पण ही जागा तुमची आहे, इथलं बोलणं तुम्ही थांबवा" एवढंच. मालक एकदा "ए, इथे हे चालणार नाही" म्हणाला की ते दहा मुलींनी रागावण्यापेक्षा जास्त लागतं.

मग जागा बघा. बाकड्यांचं तोंड थांब्याकडे असेल तर फिरवून घ्या. थांब्यावरचा दिवा बंद असेल तर खांबाचा क्रमांक टिपून महापालिकेकडे तक्रार नोंदवा. फूटपाथ अडल्यामुळे मुलींना ठेल्याला घासून जावं लागत असेल तर अर्जात तेच लिहा. एवढ्याने निम्मं काम होतं.

उरलेल्या दोघा-तिघांसाठी, ज्यांचा त्रास रोजचा आहे पण एकेका घटनेत एफआयआरइतकं काही हाती लागत नाही, प्रतिबंधक कारवाई मागता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात. बोलीभाषेत चॅप्टर केस. चार-पाच घरांच्या सह्यांचा, तारखा लिहिलेला अर्ज असेल तर हे लवकर होतं. मुलगा अल्पवयीन असेल तर हा रस्ता बंद. तिथे पालक, शाळा आणि बाल पोलीस पथक.

---

हिंगणा_टी_पॉइंट

मी मुलगा आहे आणि मनापासून विचारतो आहे. आवडलेल्या मुलीशी बाहेर बोलायचंच नाही का? कॉलेजातले सीनियर सांगायचे मागे लागल्याशिवाय मुलगी हो म्हणत नाही. आता सगळे म्हणतात मागे लागणं गुन्हा. मधलं काही आहे की नाही?

---

समुपदेशक_धंतोली

आहे, आणि तू विचारलंस ते बरं केलंस. सीनियरांनी सांगितलेलं डोक्यातून काढून टाक. मागे लागून मिळालेला होकार बहुतेक वेळा कंटाळ्याचा किंवा भीतीचा असतो.

आधी जागा बघ. जिथून ती सहज निघून जाऊ शकत नाही तिथे बोलायचं नाही: बसची आतली सीट, शेअर ऑटो, लिफ्ट, अंधारी पार्किंग. जी कामावर आहे तिच्याशीही नको. दुकानातली मुलगी हसते तो तिच्या नोकरीचा भाग आहे. कानात इअरफोन, फोनवर बोलणं, भरभर चालणं, हे सगळे "आत्ता नको" चे अर्थ. चार मित्र मागे उभे ठेवून जायचं नाही. तुझ्यासाठी ते धीर देणारे असतील, तिच्यासाठी तो घोळका आहे.

ओळखीचं ठिकाण सगळ्यात चांगलं: अभ्यासिका, क्लास, ट्रेकिंगचा गट, नाटकाची तालीम. तिथे आधी माणूस म्हणून दोन-चार वेळा विषयावर बोलणं झालेलं असतं. अनोळखी असेल तर हातभर अंतर ठेवून, तिची वाट न अडवता, एक वाक्य. शरीरावर, कपड्यांवर शेरा नको. पुस्तक, कार्यक्रम, समोरचं काही. तिने उत्तरादाखल तुला उलट प्रश्न विचारला तर पुढे बोल. "हो", "हं", "बरं" एवढंच आलं तर "चला, येतो" म्हणून निघ. अर्ध्या मिनिटात कळतं.

नंबर तिचा मागू नकोस, स्वतःचा दे. वाटलं तर ती करेल. नाही केला तर ते उत्तर आहे. "बघते", "सांगते नंतर", "सध्या अभ्यास आहे", ही सुद्धा उत्तरंच आहेत. तोंडावर नाही म्हणायची भीती वाटते म्हणून मुली असं बोलतात. मग इन्स्टावर रिक्वेस्ट, ती नाकारली तर दुसऱ्या खात्यातून, मग तिच्या मैत्रिणीला मेसेज: हा सरळ ७८ चा रस्ता आहे. त्यात ऑनलाइन पाळत ठेवणंही येतं. आणि ती अठराच्या आत असेल तर तिचं "हो" सुद्धा कायद्यात संमती ठरत नाही. वय माहीत नसेल तर थांब.

नकार आल्यावर करायचं एकच: "ठीक आहे" म्हणून खरंच थांबायचं. मित्रांमध्ये तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, रोजच्या वाटेवर उभं राहायचं नाही.

---

हिंगणा_टी_पॉइंट

धन्यवाद ताई. नंबर स्वतःचा द्यायचा, हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

---

शाळामास्तर_उमरेडरोड

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सत्र घेणाऱ्यांना: भाषण देऊ नका. पंचवीस-तीस मुलं, चाळीस मिनिटं, मुली वेगळ्या वर्गात. सुरुवातीला नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या: "मित्राने एखाद्या मुलीला बोललं तेव्हा तू काय केलंस?" बहुतेक चिठ्ठ्यांत "हसलो" किंवा "गप्प राहिलो" येतं. त्या मोठ्याने वाचल्या की मुलं एकमेकांकडे बघतात. आतून पटलं नव्हतं हे सगळ्यांनाच कळतं. मग सराव. दोघांना गाडीवर बसल्यासारखं बसवा. मागचा शेरा मारतो, पुढच्याने काय म्हणायचं? "चल बे, निघू" म्हणून गाडी सुरू करणं सगळ्यांना जमतं, उपदेश करणं कुणालाच जमत नाही. "तुझ्या बहिणीला कुणी बोललं तर?" हा प्रश्न टाळा, त्यातून मुलं बहिणीवर पहारा द्यायला शिकतात, अनोळखी मुलीला माणूस मानायला नाही.

---

अंबाझरी_सकाळ

एक काळजी मांडतो. कडक पथक हवं म्हणताना तेच पथक तलावाकाठी आपल्या मर्जीने बसलेल्या जोडप्यांना उठवतं, आईवडिलांना फोन लावायची धमकी देतं. छेडखानी थांबवायची आणि प्रेमावर पहारा बसवायचा, या दोन गोष्टी एक नाहीत.

---

कलमवाली

पूर्ण सहमत. दोन प्रौढ माणसांनी बागेत बसणं, हात धरणं हा गुन्हा नाही. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याच्या कलमाला, म्हणजे न्याय संहितेच्या २९६ ला, दोन गोष्टी लागतात: कृती अश्लील हवी आणि तिचा इतरांना त्रास झालेला हवा. कुणी दमदाटी केली तर ओळखपत्र बघा, नाव आणि बक्कल नंबर टिपा, दंड मागितला तर पावती मागा. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही; अपवादात्मक कारण असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि महिला अधिकारी लागते. दामिनी पथकाला (महिलांच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकाला) बोलावताना आपणही नेमकं सांगावं: "दोन मुलं थांब्यावरच्या मुलींना त्रास देत आहेत." "तिथे जोडपी बसतात" ही तक्रार नव्हे.

---

गोकुळपेठ_वीणा

बाजूला उभ्या असलेल्यांनी काय करायचं? सगळ्यांनाच भिडायची हिंमत नसते.

---

वस्तीसमिती

भिडायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. त्या मुलीशी बोला, त्या मुलाशी नाही. "अगं, किती उशीर? चल, बस आली" असं ओळखीच्या सुरात म्हणत तिच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहा. किंवा तिला वेळ विचारा, पत्ता विचारा. एवढ्याने त्याचा खेळ मोडतो. एकटे असाल तर बाजूच्या मावशींना, सुरक्षारक्षकाला सोबत घ्या. रेकॉर्ड करताना तिच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा चेहरा, गाडी आणि आजूबाजूची पाटी टिपा, आणि व्हिडिओ तिच्याच हाती द्या. टाकायचा की नाही ते ती ठरवेल. नंतर दोन मिनिटं थांबून विचारा, "साक्षीला माझं नाव देऊ का?" खटले साक्षीदाराविना पडतात, म्हणून हा प्रश्न फार मोलाचा आहे.

मारहाण मात्र करू नका. गर्दीने चोप दिला की तुमच्यावर उलट गुन्हा लागतो, आणि मग प्रकरण आपसात मिटवायला दोन्ही बाजूंवर दबाव येतो.

---

महालची_मुक्ता

मारबतीच्या मिरवणुकीत आणि गरब्याच्या गर्दीत कोण हात लावून गेलं तेच कळत नाही. तिथे?

---

वस्तीसमिती

गर्दीत हात पकडा, चेहरा शोधत बसू नका. मनगट धरून वर उचलायचं आणि ओरडायचं, "हा हात कुणाचा?" आजूबाजूचे लगेच जागा मोकळी करतात. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, दुकानांच्या ओट्यांच्या कडेने चाला, आणि निघण्याआधीच हरवलो तर भेटायची जागा ठरवा. मंडळांनी स्वयंसेवक फक्त मूर्तीभोवती न ठेवता गल्ली अरुंद होते तिथे दोन्ही बाजूंना उभे करावेत. धक्काबुक्की तिथेच होते.

---

रामदासपेठ_ग्रंथालय

ऑफिसला जाता-येता कंपनीच्या गाडीत झालं तर? मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळीच्या बऱ्याच मुली आहेत.

---

कलमवाली

कंपनीने दिलेलं वाहन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाची जागाच धरलं जातं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी अर्ज तीन महिन्यांच्या आत. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांकडचा मार्ग बंद होत नाही, दोन्ही एकत्र चालतात.

---

झिरोमाईल (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. एक शेवटची शंका: परीक्षा, लग्न, घरच्यांचा विरोध, अशा कारणांनी उशीर झाला तर तक्रार करता येते का?

---

कलमवाली

येते. न्यायालयाने दखल घेण्याची मुदत शिक्षेवर ठरते. एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा, म्हणजे ७५ मधला नुसता शेरा, असेल तर एक वर्ष. तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना, म्हणजे ७९ आणि पहिल्या वेळच्या ७८ ला, तीन वर्षं. ७४ ला अशी मुदत नाही. फक्त उशीर का झाला ते जबाबातच एका वाक्यात लिहा, आणि घटनेच्या रात्रीच एखाद्या मैत्रिणीला सगळं सविस्तर मेसेज करून ठेवा. त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. नमुना जबाबाचा कोरा मजकूर उद्या इथेच टाकते, छापून ठेवायला बरा पडेल.